ठेक्याने दिलेली कोजागिरी

गेल्या वर्षीच्या कोजागिरी पौर्णिमेची गोष्ट. पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या गृहसंकुलात तीन इमारती आणि १२० सदनिका आहेत. त्या रात्री संकुलाच्या पटांगणात रोषणाई होती, व्यासपीठ होते, भाड्याने आणलेला निवेदक होता, दोन गायक होते आणि छातीत धडधड व्हावी अशा आवाजात चित्रपटगीते चालली होती. आकाशात पूर्ण चंद्र होता. पण दिव्यांच्या झगमगाटात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. रात्री पावणेअकराला कार्यक्रम संपला आणि सगळ्यांनी एकमुखाने निर्वाळा दिला, ‘यंदाचा कार्यक्रम झकास झाला.’

त्याच रात्री बी इमारतीच्या पाचव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. वय ७८. पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तल्या, एकुलती एक मुलगी नागपूरला. साडेआठच्या सुमारास ते पडले, उठता येईना. त्यांनी हाका मारल्या. शेजारची दोन्ही कुटुंबे खाली कार्यक्रमात होती आणि खालचा आवाज वर इतका चढला होता की, आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नव्हती, असे गुरुजींनी नंतर सांगितले.

त्यांना शोधले ते आमच्या वॉचमनने. गुरुजी रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसत आणि त्याच्याशी चार शब्द बोलत. त्या दिवशी ते आले नाहीत, ही गोष्ट १२० घरांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही, त्याच्या आली. दुधाचे पेले कूपनावर मिळत होते आणि वॉचमनला कूपन नव्हते. कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या दुधातला एक पेला त्याच्या वाट्याला आला. तो पेला घेऊन तो पाचव्या मजल्यावर गेला. बेल वाजवली, उत्तर नाही. आत दिवा मात्र जळत होता. मग धावपळ झाली, कुलूप तोडले गेले. खुब्याचे हाड मोडले होते. रुग्णालयात नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक विचारला, तेव्हा आम्ही पाच-सहा सुशिक्षित सभासद एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आमच्या व्हॉट्सअॅप गटात शंभराहून अधिक माणसे आहेत. गुरुजींच्या मुलीचा क्रमांक त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हता. तो होता वॉचमनच्या मळकट डायरीत. ‘साहेब, ताईंनीच दिला होता. म्हणाल्या, बाबांकडे लक्ष ठेवा,’ तो म्हणाला.

गुरुजी आज काठी घेऊन चालतात. म्हणजे शेवट गोड झाला असे म्हणायला हरकत नाही. पण माझ्या मनातून ती रात्र जात नाही. दोन पिढ्यांपूर्वी ज्या समाजात एकाच्या घरातली फोडणी चार घरांना कळत असे, त्या समाजाच्या डोक्यावर माणूस पडलेला असतो आणि खाली आपण ‘सामाजिक कार्यक्रम’ साजरा करीत असतो! यात चूक कोणा एकाची नाही. चूक आपण कार्यक्रम या गोष्टीला जे रूप दिले आहे, त्या रूपाची आहे. म्हणून थोडे कटू बोलण्याची परवानगी वाचकांनी द्यावी.

हिशेबाचा कागद

कार्यक्रमानंतर सूचनाफलकावर हिशेब लागला. तो लागला, याबद्दल आमच्या कमिटीचे अभिनंदनच केले पाहिजे. कित्येक संकुलांत तोही लागत नाही. प्रत्येक सदनिकेमागे २,००० रुपये, म्हणजे एकूण २,४०,००० रुपये जमा. खर्च असा : मंडप व रोषणाई ५०,०००, ध्वनियंत्रणा ३०,०००, निवेदक व गायक ६०,०००, तीनशे पाने जेवण ९०,००० आणि बक्षिसे १०,०००. जमा तितका खर्च. एका पैचाही घोटाळा नाही.

घोटाळा आहे तो त्या कागदावर न लिहिलेल्या रकान्यात. कोणी काय केले, हा तो रकाना. मंडप मंडपवाल्याने घातला, दूध केटररने आटवले, गाणी बाहेरच्यांनी गायली, हसवण्याचे कंत्राट निवेदकाकडे होते आणि खरकटेही केटररच्याच माणसांनी उचलले. मग रहिवाशांनी काय केले? ते खुर्चीवर बसले, जेवले, टाळ्या वाजवल्या, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली आणि लिफ्टने वर गेले. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्यांना कार्यक्रमापूर्वी ठाऊक नव्हते, कार्यक्रमानंतरही ठाऊक नव्हते.

मी स्पष्टच लिहितो. ज्या कार्यक्रमात रहिवाशाला काम नाही, तो रहिवाशांचा कार्यक्रम नव्हे. तो तमाशाचा फड आहे, फक्त तंबू आपल्या अंगणात लागलेला आहे. पैसे देऊन माणूस प्रेक्षक होतो, शेजारी होत नाही. शेजारी होतो तो एकत्र काम केल्याने : कढई धरताना, सतरंजी घालताना, वाढताना, क्वचित भांडतानाही. ज्या माणसाबरोबर तासभर शेंगा सोलल्या, त्याचे नाव माणूस विसरत नाही.

चाळीने दिलेला वारसा

गृहसंकुलाचा कार्यक्रम ही क्षुल्लक बाब आहे, तिच्यावर एवढे लेखणी झिजवणे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने इतिहास आठवावा. १८९३ साली मुंबईच्या गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. लोकमान्य टिळकांनी घरातला देव चौकात आणण्याचा आग्रह धरला, तो मूर्ती मोठी दिसावी म्हणून नव्हे. माणसे एकत्र यावीत, त्यांनी एकमेकांकडे पाहावे, बोलावे, विचार करावा, यासाठी तो खटाटोप होता. त्या उत्सवातून व्याख्याने झाली, कीर्तने झाली, मेळे उभे राहिले. मेळ्यात गाणारी मुले त्या-त्या वस्तीतलीच असत. आज ज्याला आपण उत्सवी परंपरा म्हणून छाती फुगवून सांगतो, तिच्या मुळाशी असे चाळकऱ्यांचे हात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला, त्याचे स्वागतच आहे. पण शासनाचा दर्जा मिळाला म्हणून उत्सवात प्राण येत नाही. प्राण ओतायचे काम रहिवाशाचे आहे.

चाळीचे मी अवास्तव गोडवे गात नाही. सामाईक नळ, सामाईक संडास, एका खोलीत आठ माणसे, हे हाल ज्यांनी सोसले त्यांना विचारा. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टोलेजंग इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण खोली मोठी झाली तरी तिच्याबाहेरचा व्हरांडा हरवला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चाळीत माणसे भेटत ती व्हरांड्यामुळे. त्यासाठी कोणाला बैठक बोलवावी लागत नसे. उंच इमारतीत व्हरांडा नाही. आहे ती लिफ्ट, आणि तिच्यात माणूस आकड्यांकडे पाहत उभा असतो. म्हणून जे चाळीत आपोआप होत होते, ते संकुलात जाणीवपूर्वक घडवावे लागते. आजच्या काळात रहिवाशांच्या कार्यक्रमांचे प्रयोजन हे आहे. कार्यक्रम म्हणजे हरवलेला व्हरांडा. तोच आपण ठेक्याने देऊन टाकला, तर राहिले काय?

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील मंडळींना आपण हसतो. त्यांचे उपक्रम फसत, भांडणे होत, फजिती होई. पण फजिती तरी त्यांची स्वतःची होती! आपल्याकडे आता फजितीही होत नाही, कारण आपण काही करतच नाही.

मंगळागौरीचेच पाहा. श्रावणातल्या मंगळवारी फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ नव्या नवरीने आणि तिच्या सख्यांनी खेळायचे, रात्र जागवायची. आज शहरांतून मंगळागौरीचे खेळ मानधन घेऊन करून दाखवणारे गट आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल आणि कौशल्याबद्दल मला आदर आहे. खेळ जिवंत ठेवल्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण फुगडी ही पाहायची वस्तू नाही. फुगडी घालायची असते. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरायचे आणि तोल एकमेकींवर टाकायचा. तिसऱ्याच बाया फुगडी घालतात आणि आपण खुर्चीत बसून पाहतो, हे शेजारधर्माच्या आजच्या अवस्थेचे नेमके चित्र आहे.

‘वेळ नाही’ ही सबब

हे सारे मी आमच्या सेक्रेटरींपुढे मांडले. गृहस्थ सज्जन आहेत, पदरमोड करून धावपळ करतात. ते म्हणाले, ‘काका, तुमचे पटते. पण हल्ली कोणाला वेळ आहे? दोघेही नोकरी करतात, घरी यायला आठ वाजतात. आणि पैसे दिले की जबाबदारी निश्चित राहते. स्वयंसेवक ऐन वेळी येत नाहीत, केटरर येतो.’

या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. शहरी नोकरदाराचा दिवस प्रवासात आणि कचेरीत संपतो, हे खरेच. पण मग प्रश्न असा की, चार तास खुर्चीवर बसून गाणी ऐकायला वेळ होता ना? वेळ नाही असे नव्हे. वेळ कशासाठी द्यायचा, हे ठरलेले नाही. चार तासांतला एक तास कामाला दिला असता, तर तीनशे माणसांचे तीनशे तास झाले असते. तीनशे तासांत दूधच काय, लग्नाचा स्वयंपाक होतो.

दुसरा आक्षेप याहून मोलाचा आहे आणि तो माझ्या पत्नीने घेतला. ती म्हणाली, ‘स्वतः करायचे म्हणजे शेवटी बायकांनीच करायचे ना? पुरुष ठराव करणार आणि आम्ही ओट्याशी उभ्या राहणार. त्यापेक्षा केटरर परवडला. निदान त्या दिवशी तरी आम्ही चांदण्यात बसतो.’ या आक्षेपाला उत्तर नाही, त्यापुढे मान तुकवणेच योग्य. सण म्हटला की आपल्या घरांत स्त्रियांच्या पाठीचा काटा ढिला होतो आणि पुरुष पानावर बसून ‘मीठ कमी पडले’ म्हणतात, हे संस्कृतीचे लक्षण नसून आळसाचे आहे. तेव्हा स्वतः करण्याचा आग्रह धरायचा, तर पहिली अट ही की कढईपाशी पुरुष उभे राहतील, वाढायला तरुण मुले असतील आणि भांडी पुरुष घासतील. गावाकडे मोठ्या पंगतीला आचारी पुरुष असतात, वाढपी पुरुष असतात. तेथे कोणाच्या पुरुषत्वाला बाध येत नाही. तो येथेच का यावा?

तिसरा आक्षेप, ‘लोक येत नाहीत.’ खरे आहे, पण अर्धेच. बघायला बोलावले तर बघणारे येतात. कामाला कोणी बोलावलेच नाही, तर काम करणारे कोठून येतील? २०२० साल आठवा. टाळेबंदीत ना मंडपवाला होता, ना केटरर. घरगुती मूर्ती दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, अशी मर्यादा शासनाने घातली होती. त्या वर्षी कोणत्या संकुलाने किती मोठा मंडप घातला होता, हे कोणी विचारले नाही. वृद्धांची औषधे कोणी आणली, विलगीकरणातल्या कुटुंबाच्या दारात डबा कोणी ठेवला, हे मात्र आजही लोक सांगतात. त्याच काळात काही संकुलांनी घरकामाच्या मावशींना फाटकातून आत घेण्यापूर्वी रोग्यासारखे वागवले, हेही विसरता कामा नये. संकट आले की समाजाचे खरे रूप उघडे पडते आणि ते रूप सुखाच्या दिवसांत घडत असते.

पंगतीबाहेरची माणसे

आता त्या कूपनाकडे येऊ. आमच्या संकुलात वॉचमन, सफाई कामगार, माळी आणि इलेक्ट्रिशियन असे मिळून अकरा जण आहेत. घरोघरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी वेगळ्या. आपली घरे उभी आहेत ती त्यांच्या श्रमांवर. उत्सवाच्या दिवशी मात्र त्यांना ‘नंतर या’ असे सांगितले जाते. देवापुढे सगळे सारखे, हे वाक्य व्यासपीठावरून म्हणायचे आणि खाली कूपन तपासायचे! समरसता हा शब्द आपल्या व्याख्यानांत वारंवार येतो. त्याचा पहिला पाठ आपल्या फाटकापाशी गिरवता येत नसेल, तर तो शब्द आपण काही वर्षे वापरू नये. पहिल्या पंगतीला या माणसांनी आपल्या कुटुंबासह बसावे आणि चेअरमनने वाढावे. खर्च काय? फार तर तीस-चाळीस पाने.

दुसरे भाडेकरू. कित्येक संकुलांत ते वर्षानुवर्षे राहतात, देखभाल खर्चाचा भार घरभाड्यातून सोसतात, पण कार्यक्रमाच्या यादीत त्यांचे नाव ‘सदनिका क्रमांक अमुकचे भाडेकरू’ एवढेच असते. तिसरी, परप्रांतातून आलेली कुटुंबे. जानेवारीच्या मध्याला आपली संक्रांत असते, त्याच दोन-तीन दिवसांत पंजाब्यांची लोहडी, तमिळांचा पोंगल आणि असमियांचा माघ बिहू असतो. सूर्य एकच, पीक घरात येण्याचा आनंद एकच. एका संध्याकाळी तिळगुळाच्या ताटाशेजारी पोंगल आणि रेवड्या मांडल्या, प्रत्येक घराने आपल्या हाताने केलेला पदार्थ आणला आणि तो कसा करतात हे सांगितले, तर देशाच्या एकात्मतेवर वेगळे भाषण ठेवण्याची गरज उरणार नाही. शेजारी ख्रिस्ती असेल, मुसलमान असेल, तर त्याच्याही घरी फराळाचे ताट गेले पाहिजे आणि त्याच्याकडचे ताट मोकळ्या मनाने घेतले पाहिजे. संकुल सर्वांचे आहे. सभासदत्वाच्या दाखल्यावर जात, भाषा वा पंथ लिहिलेला नसतो.

आणि चौथी, आपल्याच घरातली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ होतात. त्यात पती निवर्तलेली स्त्री कोपऱ्यात बसते किंवा येतच नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे आवाहन केले. एका खेड्याला जे सुचले आणि जमले, ते दोन-दोन पदव्या घेतलेल्या आपल्या संकुलांना का जमू नये? वाण सर्वांना, कुंकू सर्वांना. जिला नको असेल तिने स्वेच्छेने नाही म्हणावे. तिला नाही म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

नियम आपल्यासाठीही

कायदा सर्वांना सारखा हवा, हा आपला आवडता आग्रह. तो रास्तच आहे. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही वाचले पाहिजेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा पाळायची, असे ते सांगतात. वर्षातून फार तर १५ दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ती द्यायची की नाही, हे आमच्या कमिटीने ठरवायचे नसते. दुसऱ्याचा भोंगा हा गोंगाट आणि आपला भोंगा ही भक्ती, असा न्याय असत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, त्या रात्री ध्वनिवर्धक नसता तर एका वृद्धाची हाक कोणाच्या तरी कानी पडली असती. मला याहून मोठे कारण नको.

नियमांचा विषय निघालाच आहे तर सभेचेही बोलू. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे तिची गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे १२० सदनिकांच्या संस्थेला २० माणसे पुरतात. तीही अनेकदा जमत नाहीत, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तितक्यांत उरकते. जी माणसे जेवायला तीनशे येतात, ती विचार करायला वीसही येत नाहीत. मग कमिटीने सगळे ठेक्याने दिले म्हणून तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

यंदाच्या सभेला आमच्याकडे २३ सभासद आले. कोजागिरी बाहेरचा ठेका न देता रहिवाशांनी करावी, असा ठराव मी मांडला. तो ९ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे यंदाही रोषणाई आहे, यंदाही निवेदक आहे. लोकशाहीत बहुमत मानायचे असते, ते मी मानले. मत बदलण्याचा प्रयत्न करण्याचा अधिकार मात्र अल्पमताला असतो. हा लेख त्याच अधिकारात लिहिला आहे.

मग करायचे काय?

टीका करणे सोपे. पर्याय सांगितल्यावाचून टीका अपुरी. तेव्हा जे करता येण्याजोगे आहे, ते सांगतो. वर्षाकाठी एक खर्चिक सोहळा करण्यापेक्षा चार-पाच लहान प्रसंग योजावेत. गुढीपाडव्याला सर्वांची मिळून एक गुढी आणि वह्या-पुस्तकांची देवघेव, आषाढीला मुलांची दिंडी, संकुलापुरती, नवरात्रात भोंडला, अश्विनी पौर्णिमेला कोजागिरी, जानेवारीत संक्रांत. भोंडल्याला लागते काय? एक पाट, त्यावर काढलेला हत्ती, फेर धरायला मुली आणि झाकलेली खिरापत. कोणाच्या घरून काय आले, हे ओळखण्यात जी गंमत आहे, ती कोणत्याही निवेदकाच्या विनोदात नाही. मुलगेही फेरात आले तर काही बिघडत नाही. ज्यांना गरबा आवडतो त्यांनी जरूर खेळावा. फक्त भोंडल्याची गाणी येणाऱ्या आज्या आपल्याच इमारतीत आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, याची खंत असू द्या.

प्रत्येक प्रसंग एकेका इमारतीने अंगावर घ्यावा आणि त्यातले एकेक काम एकेका मजल्याकडे द्यावे : एकाकडे दूध, एकाकडे सतरंज्या, एकाकडे वृद्धांना खाली आणणे-नेणे, एकाकडे आवराआवर. मजल्यावर चार घरे असतात. काम ठरवण्यासाठी ती चार दारे उघडावी लागतात. खरा कार्यक्रम त्या वेळीच सुरू होतो. वर्गणी घरटी दोनशे रुपयांपेक्षा जास्त नसावी, ती स्वेच्छेची असावी, देखभालीच्या देयकात दडवलेली नसावी आणि हिशेब आठ दिवसांत फलकावर लागावा. ज्याला देता येत नाही त्याने काम करावे; ज्याला कामाला वेळ नाही त्यानेही निदान आपले पान स्वतः उचलावे.

गाणारे हवेत? संकुलात आहेत. आमच्याच ए इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पेटी वाजवतात, हे मला सात वर्षांनी कळले, तेही त्यांच्या औषधाच्या दुकानातल्या भेटीत. सूर थोडा हलेल, ताल चुकेल. चुकू द्या. शेजाऱ्याच्या चुकलेल्या तालावर जो हसतो, तो दुसऱ्या दिवशी त्याला लिफ्टमध्ये नमस्कार तरी करतो.

आणि प्रत्येक प्रसंगी एक वही फिरवावी. घरातल्या माणसांची नावे, रक्तगट, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे त्याचा क्रमांक. ज्यांना द्यायचे असेल त्यांनी लिहावे. ती वही सेक्रेटरीकडे आणि एक प्रत फाटकावर. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारावर दिवसातून एकदा कोणी टकटक करायची, हे त्याच बैठकीत ठरावे. हे काम कार्यकर्त्याचे आहे. दूरदूरच्या वस्त्यांत सेवाकार्यासाठी जाणारे आपले कार्यकर्ते स्वतःच्या मजल्यावरच्या चार घरांना ओळखतात का, हे त्यांनी आज रात्री स्वतःला विचारावे. मीही विचारले होते. उत्तर लाजिरवाणे होते.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’, कोण जागे आहे, असे विचारत घरोघर फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. गेल्या वर्षी ती आमच्या संकुलात आली असेल, तर तिला पटांगणात तीनशे माणसे उघड्या डोळ्यांनी बसलेली दिसली असतील. जागा मात्र एकच होता. त्याच्या हातात दुधाचा पेला होता आणि तो जिना चढत होता, कारण लिफ्ट पाहुण्यांनी भरली होती.

सभेत माझ्या बाजूने हात वर केलेल्या नऊ घरांनी यंदा एक ठरवले आहे. खालच्या कार्यक्रमाला आम्ही वर्गणी दिली आहे, त्यात विघ्न आणायचे नाही. पण तो संपल्यावर बी इमारतीच्या गच्चीवर, दिवे मालवून, आपण आटवलेले दूध घेऊन बसायचे. दूध पुरुष आटवणार आहेत. पेटी ए इमारतीतून येणार आहे, ध्वनिवर्धकावाचून. गुरुजींना खुर्चीतून वर नेण्याचे काम दोन तरुणांनी मागून घेतले आहे. वॉचमनच्या घरची मंडळी पहिल्या पंगतीला आहेत आणि तेवढा वेळ फाटकावर उभे राहण्याची पाळी माझी आहे.

ज्या चौदा जणांनी विरोधात मत दिले, त्यांनाही निमंत्रण आहे. फक्त येताना पेला घरून आणावा.